बिनभोकाचा पाईप

माझ्या आत्याने आयुष्यभर लोकांचे दात केले. ती दातांची डॉक्टर नव्हती. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि त्यावरून कवळी बनवायचं काम ती एका लॅबमध्ये करायची. खिडकीपाशी तिचं टेबल, टेबलावर छोटा बर्नर, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि बारीक कोरण्यांची रांग. कोणी हसून बोललं की ती आधी दात बघायची, मग माणूस. एकदा बसमध्ये समोरच्या आजोबांनी जांभई दिली, तर ही माझ्या कानात म्हणाली, "वरची माझी आहे. खालची कोणाची कोण जाणे, अगदीच बेकार."

लग्न तिने केलं नाही. का, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "वेळ कुठे होता? अख्ख्या गावाचे दात पडत होते." आमच्याच घरात मागच्या खोलीत ती राहायची. बाबा तिचे थोरले भाऊ. ती त्यांना दादा म्हणायची आणि ते तिला खार म्हणायचे, कारण लहानपणापासून ती सतत काहीतरी कोरत, कुरतडत बसलेली असायची.

निवृत्त झाल्यावर तिचे हात शिवशिवायला लागले. आधी तिने घरातल्या मोडक्या वस्तू हुडकून काढल्या. चष्म्याच्या काड्या, कढईचे कान, घड्याळाची काच, छत्रीची मूठ, सगळं दुरुस्त झालं. आई म्हणाली, "वन्सं, आता मोडकं काही उरलेलं नाही. म्हणत असाल तर एखादी बशी फोडून देते."

एक गोष्ट मात्र उरली होती. बाबांचा पाईप.

बाबा बंदरात क्रेन चालवायचे. उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये एकट्याने बसायचं आणि खालचा माणूस हाताने खुणा करेल तसा माल उचलायचा, ठेवायचा. केबिनमध्ये पाईप पेटवायची परवानगी नव्हती, त्यामुळे तिथे तो नुसताच दातांत धरलेला असायचा आणि घरी आल्यावर पेटायचा. त्यांचीही नोकरी संपली, पण पाईप सुटला नाही. चावून चावून त्याच्या तोंडाकडच्या नळीचा चोथा झाला होता. आत्याने ती काढून टाकली आणि कवळीच्याच मसाल्याची नवी नळी करून बसवली. तिच्याकडे तो मसाला एकाच रंगात होता, हिरडीच्या.

बाबांनी पाईप उजेडात धरला. "खारे, हा पाईप आहे की कोणाची जीभ?"

"ओढून तर बघ. बसते की नाही दातांत?"

"बसते गं. पण चार माणसांत कसा काढू? काळी करून दे."

"त्यापेक्षा अख्खा पाईपच करून देते."

"तू? पाईप कधी तोंडात तरी धरलायस?"

"कवळी तरी कुठे घातलीय मी?" आत्या म्हणाली.

तिथून ते खूळ सुरू झालं. गंमत म्हणजे तिला धुराचा मनापासून तिटकारा. बाबांनी काडी ओढली की ही नाकाला पदर लावून घरभरच्या खिडक्या उघडत फिरायची. पण करायचं म्हटल्यावर करायचं. जवळच्या शाळेच्या आवारात नाशपातीचं एक जुनं झाड वादळात पडलं होतं. शाळेच्या शिपायाला विचारून तिने त्याचा एक ओंडका मिळवला आणि त्याचे हाताएवढे तुकडे केले. लाकूड हळूहळू वाळावं म्हणून तुकड्यांची टोकं मेणात बुडवली आणि ते आईच्या कपाटात चादरींच्या मध्ये ठेवले. कपाटाला बरेच दिवस मेणाचा आणि ओल्या लाकडाचा वास येत राहिला. आईने नाक मुरडलं, पण तुकडे काढले नाहीत.

पाईपला दोन भोकं असतात. एक वाटीचं, वरून खाली, तंबाखू भरायचं. दुसरं दांडीतून आडवं, धूर ओढायचं. दोन्ही वाटीच्या अगदी तळाशी एकमेकांना भेटायला हवीत. आत्याच्या पहिल्या पाईपात ती भेटलीच नाहीत. आडवं भोक वाटीच्या खालून निघून गेलं. दुसऱ्याच्या वेळी तिला धीर धरवला नाही. लाकूड नीट वाळलं नव्हतं, आणि एका सकाळी पाईप मधोमध तडकलेला सापडला. तिसरा दिसायला सुरेख झाला. म्हणून हिने त्याला आतूनबाहेरून व्हार्निश फासलं. बाबांनी पेटवला, दोन झुरके घेतले आणि जीभ बाहेर काढून थेट न्हाणीघराकडे धावले.

"विष आहे हे!" चुळा भरता भरता ते ओरडले.

"आतून लावायचं नसतं वाटतं," आत्या शांतपणे म्हणाली.

चौथा जमला. तो करताना मी बऱ्याचदा तिच्या खोलीत बसायचे. भोकं आधी पाडायची, आकार नंतर द्यायचा, हे ती आता शिकली होती. तुकडा शिकंज्यात आवळायचा, करवतीने कोपरे उडवायचे, मग मोठी कानस, मग बारीक कानस आणि शेवटचा हात तिच्या जुन्या दातांच्या कोरण्यांचा. दर थोड्या वेळाने ती डोळे मिटून पाईप अंगठ्याखालून फिरवायची. "डोळ्याला फसवता येतं, बोटाला नाही," म्हणायची. "आणि हे दातासारखंच आहे बघ. जास्त घासलं की गेलं. परत लावता येत नाही."

बाबांनी तो ओढून बघितला आणि म्हणाले, "वाईट नाही." त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पदक मिळाल्यासारखंच. जुना पाईप खणात गेला आणि हा रोजचा झाला. आत्याने त्यानंतर आणखी पाच-सहा केले. ओढणारं घरात दुसरं कोणीच नव्हतं, त्यामुळे ते तिच्या खिडकीत ओळीने उभे राहिले.

मग एका सकाळी चहा पिताना बाबांच्या हातातून कप निसटला. आई चिडून काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात तिला त्यांचं तोंड दिसलं. उजवीकडून ते ओघळल्यासारखं झालं होतं. आम्ही त्यांना लगेच दवाखान्यात नेलं. झटका आला होता. जिवावरचं टळलं, पण उजवा हात लुळा पडला, उजवा पाय फरफटू लागला आणि जीभ जड झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं, "तंबाखू संपला. कमी नाही, बंद." त्याच संध्याकाळी आईने तंबाखूचा डबा कचऱ्यात टाकला आणि बाबांचे दोन्ही पाईप, आत्याच्या खिडकीतल्या ओळीसकट, कुठेतरी लपवून ठेवले.

बाबांचा आवाज मोठा होता. दारातून हाक मारली की रस्त्याच्या टोकाला ऐकू जायची. आता ते "पाणी" म्हणायला जायचे आणि नुसतं "हाणी" बाहेर यायचं. उजवा ओठ मिटायचाच नाही, त्यामुळे चहा हनुवटीवरून गळायचा. पहिले काही दिवस त्यांनी प्रयत्न केला. मग आईने एकदा त्यांचं बोलणं समजलं नाही म्हणून दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, आणि त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. डाव्या हाताने खुणा करायला लागले. जेवायला आमच्यात बसेनात. ताट खोलीत न्यायचं, आणि ते संपेपर्यंत कोणी आत जायचं नाही.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला आठवड्यातून दोनदा एक थेरपिस्ट बाई यायच्या. त्या वयाने माझ्याएवढ्याच होत्या, पण चिकाटीच्या. गाल फुगवा, ओठ घट्ट मिटा, जीभ वर लावा. एक चपटी लाकडी पट्टी त्या बाबांच्या ओठांत द्यायच्या आणि ती पडू न देता धरायला सांगायच्या. बाबा ती थुंकून टाकायचे. एकदा पट्टी थेट बाईंच्या वहीवर जाऊन पडली.

"मी... काय... लहान मूल?" हे त्यांचं त्या आठवड्यातलं सगळ्यात लांब वाक्य होतं.

आत्या दारात उभी राहून हे सगळं बघत असायची. एक दिवस ती मेणाची पट्टी गरम करून घेऊन आली आणि म्हणाली, "दादा, तोंड उघड. आता चाव. बस." बाबांना काय चाललंय कळायच्या आत तिने त्यांच्या दातांचं माप घेतलंही होतं.

स्वयंपाकघरात आईने तिला गाठलं. "वन्सं, पाईप करताय ना? बघितला की ह्यांना तंबाखू आठवेल. कशाला जखमेवर मीठ?"

"वहिनी, आत्ता काय आठवत नाही होय? सकाळपासून खालचा ओठ चावत बसलाय. मी भोकच पाडत नाही. मग भरणार काय आणि कशात?"

हा पाईप तिने फार मन लावून केला. बाहेरून हुबेहूब चौथ्यासारखा, तीच गोल वाटी, तोच दांडीचा बाक. पण वरून वाटी बंद, भरीव लाकूड. नळी मात्र काळी आणि बाबांच्या चाव्याच्या मापाने कोरलेली, वर दोन दातांना खाच, खाली दोन दातांना खाच.

बाबांनी तो डाव्या हातात घेतला. चेहरा क्षणभर उजळला. अंगठ्याने वाटी चाचपली, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"भो... भोक?"

"नाही पाडलं."

त्यांनी पाईप भिरकावला. तो भिंतीवर आपटून कपाटाखाली गेला. आत्या मागे वळली. आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी केर काढताना आईला तो सापडला. तिने पुसून बाबांच्या उशाशी ठेवला. मग एका दुपारी मी कपडे वाळत घालून आत आले, तर बाबा खिडकीत खुर्ची ओढून बसलेले, पाईप दातांत आणि नजर रस्त्यावर. केबिनमध्ये बसत असतील तसे. मी पाऊल न वाजवता मागे फिरले आणि आत्याला जाऊन सांगितलं. "बसला ना दातांत?" एवढंच तिने विचारलं, पण त्या दिवशी ती दिवसभर गुणगुणत होती.

थेरपिस्ट बाई आल्या तेव्हा आत्या नेहमीसारखी दारात न थांबता खुर्ची घेऊनच आत बसली. बाईंनी बाबांच्या तोंडात पाईप पाहिला, हातात घेतला, नळी निरखून बघितली.

"सुंदर आहे. तुम्ही केलात?"

"हो," आत्या म्हणाली.

"पण ह्याचा मला उपयोग नाही."

आत्याच्या कपाळाला आठी पडली. बाईंनी पाईप बाबांना परत दिला आणि त्यांच्या उजव्या ओठाला बोट लावून दाखवलं. "बघा, हे दातांनी धरतायत. त्याला जबडा लागतो आणि जबडा त्यांचा ठणठणीत आहे. दुबळा आहे तो ओठ. तुम्ही दातांसाठी इतकी छान खाच केलीत की ओठांना कामच राहिलं नाही."

बाई गेल्यावर आत्या आपल्या खोलीत घुसली. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर ती टेबलापाशी हातावर हात ठेवून बसलेली.

"रागावलीस?" मी विचारलं.

"रागावले तर आहेच. एवढीशी पोर, आणि एका वाक्यात मला गुंडाळलं." मग चहा घेत म्हणाली, "पण चुकलं नाही तिचं. आयुष्यभर दातांकडे बघत आले ना मी. दातांच्या पुढे ओठ असतात हे लक्षातच राहिलं नाही."

पुढच्या वेळी ती बाईंसमोर कागद-पेन्सिल घेऊन बसली. नळी किती रुंद हवी? ओठांत किती आत जायला हवी? वजन किती? बाईंनी सगळं सांगितलं. नळी रुंद आणि गुळगुळीत हवी, दातांपर्यंत पोचता कामा नये. सुरुवातीला वजन अगदी हलकं, मग थोडं थोडं जास्त. आत्याने नळीला ओठांबाहेर टेकेल अशी एक पाळ कोरली, म्हणजे ती आत सरकणारच नाही. आणि एकाऐवजी पाईपांचं एक कुटुंबच केलं. सगळ्यात छोटा अंगठ्याएवढा, पोकळ. सगळ्यात मोठा चांगला जाडजूड, वाटीच्या बुडाशी शिसं भरलेला. सगळे बिनभोकाचे.

बाबांसमोर तिने ते ओळीने मांडले. "दादा, हे तुझे लोड. हा छोटा उचलून धरलास की पुढचा. मोठा तुला पेलेल असं मला काही वाटत नाही."

बाबांनी तिच्याकडे तिरका डोळा केला. लोड हा त्यांचा शब्द होता, बंदरातला. त्यांनी छोटा उचलून ओठांत धरला. लगेच पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. आम्ही सगळे तिथून उठून गेलो, म्हणजे त्यांना मोकळेपणाने पाडता यावा.

त्यानंतर ते खाली मान घालून त्यामागेच लागले. जेवणाआधी, जेवणानंतर, पेपर वाचताना, ओठांत काहीतरी लोंबतच असायचं. छोट्यावरून दुसऱ्यावर जायला बरेच आठवडे गेले. मध्ये एकदा चिडून त्यांनी सगळेच बादलीत टाकले होते. आत्याने ते मुकाट्याने वाळवून पुन्हा मांडले. हळूहळू ओठ मिटू लागला. चहा गळायचा थांबला नाही, पण कमी झाला, आणि एका दिवशी ते आपलं ताट घेऊन, पाय ओढत, आमच्यात येऊन बसले. आईने नुसती त्यांची खुर्ची ओढून दिली आणि वाढायला घेतलं.

प, ब, म ही अक्षरं ओठ जुळल्याशिवाय येत नाहीत. बाईंनी त्यांना रोज म्हणायला एक वाक्य दिलं, "बिनभोकाचा पाईप बाबांचा." पहिल्यांदा ते ऐकून आत्याच हसली. मग बाबा हसले, आणि त्यांचं तोंड दोन्ही बाजूंनी हललं. रोज सकाळी न्हाणीघरातून हे वाक्य ऐकू यायला लागलं. आधी ओबडधोबड, मग जरा साफ, मग इतकं मोठ्याने की वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आईला विचारलं, "हे कसलं हो म्हणणं?"

याच सुमारास आईला बाबांच्या शर्टावर लाकडाचा भुसा दिसला. तिने खिसे तपासले, आणि खिशात तो पहिला पाईप निघाला, दातांच्या खाचेचा. त्याच्या वाटीला वरून भोक पाडलेलं होतं.

आईचा पारा चढला. पाईप हातात नाचवत ती बाहेरच्या खोलीत आली. "हेच बाकी होतं! मरायचंय का तुम्हाला? कोणी आणून दिला तंबाखू?"

बाबांनी मान हलवली. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. "तंबाखू... नाही. ओढायला नाही."

"मग भोक कशाला पाडलंत?"

"बघवेना. पाईप... आणि भोक नाही. वेड्यासारखं दिसतं."

आई काही बोलायच्या आत आत्याने तिच्या हातातून पाईप घेतला आणि खिडकीशी नेला. भोक वाकडं जाऊन वाटीच्या बाजूने बाहेर आलं होतं. आत्या दुपारी बाजारात गेली की बाबा तिच्या टेबलापाशी जाऊन, शिकंज्यात पाईप आवळून, डाव्या हाताने हे करत होते, हे तेव्हा आम्हाला कळलं.

"गिरमिट तिरकं धरलंस," आत्या म्हणाली.

"डावा हात आहे."

"हाताचा काही दोष नाही. समोरून बघायचं सोडून बाजूने बघत बसलास. आणि माझी गिरमिटं न विचारता घेतलीस."

"विचारलं असतं तर दिली... असतीस?"

"नसती."

आईला हे दोघे भांडताहेत की काय करताहेत तेच कळेना. तिने शेवटी एक अट घातली. दुपारचा तो उद्योग चालेल, पण रोज संध्याकाळी ती बाबांच्या शर्टाची कॉलर हुंगणार. वास आला की सगळी हत्यारं भंगारात. कॉलर हुंगायचं तिने किती तरी महिने सोडलं नाही. लाकडाच्या वासापलीकडे तिला काही सापडलं नाही.

तेव्हापासून आत्याच्या टेबलाला दुसरी खुर्ची लागली. बाबांना घासायचं काम मिळालं. उजव्या हाताने लाकूड नुसतं दाबून धरायचं आणि डाव्याने पॉलिश पेपर फिरवायचा. उजव्या हाताची पकड थोडी परत आली, पूर्ण नाही. शर्टाची वरची गुंडी अजून आईच लावते. चालताना काठी लागते. दमले की शब्द अडखळतात आणि मग ते गप्प बसतात, पण आता रागाने नाही. पाईप त्यांनी पुन्हा ओढला नाही. सवय सुटली का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सुटली कसली. चहा झाला की अजून खिशाकडे हात जातो."

थेरपिस्ट बाईंचं येणं बंद झालं, पण त्या अधूनमधून फोन करतात. त्यांच्या दुसऱ्या पेशंटांसाठी तसे हलके-जड लोड करून द्याल का, असं त्यांनी आत्याला विचारलं. मात्र सगळ्यांना पाईप कसा चालेल? पहिल्याच पेशंट बाईंनी तो हातात घ्यायलाही नकार दिला, म्हणाल्या, "शी, मी काय पाईप ओढणारी वाटते?" मग आत्याने थेरपिस्ट बाईंना निरोप पाठवला की प्रत्येक पेशंट कामाच्या वेळी ओठांत काय धरायचा ते आधी विचारा. त्याप्रमाणे एका सुताराला तिने जाड खिळ्याचा आकार करून दिला, बस कंडक्टरला शिटीचा, शाळेच्या मास्तरांना पेन्सिलीचा. आणि पाईप नको म्हणणाऱ्या त्या बाई शिवणकाम करायच्या, म्हणून त्यांना सुईचा.

शिवणकामवाल्या बाई परवा मुलीला घेऊन स्वतःच आल्या. अडखळत, पण ठणकावून त्यांनी तक्रार केली, "असली जाड सुई... मी गोणपाटालासुद्धा लावली नसती. बारीक करा." आत्याला ते पटलं आणि ती लगेच कानस शोधायला लागली. बाबांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, "आधी थेरपिस्ट बाईंना विचार." फोन केला. बाईंनी साफ नाही म्हटलं, बारीक केली तर वजनच उरणार नाही, मग ओठांना काम कसलं. शेवटी सुई तेवढीच जाड राहिली, पण शिवणकामवाल्या बाईंच्या समाधानासाठी आत्याने तिच्या टोकाला दोरा ओवायचं एक छोटंसं भोक पाडून दिलं. ते बाबांनी घासून गुळगुळीत केलं, आणि बाई चहा घेऊन गेल्या.